शेवटचा फर्मा

"माझ्या हातच्या पुस्तकाला तीस वर्षांत कसर लागलेली नाही!" हे बाइंडर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी! दुसरी बढाई अशी की, बांधायला आलेलं पुस्तक आपण कधी वाचत नाही. ते काम बायकोचं. एका हातानं ती चिकटवायची खळ ढवळायची आणि दुसऱ्या हातात उसवलेला फर्मा धरून वाचायची. सोळा पानं संपली की पुढचा फर्मा.

अशात वाचनालयातून एक जुनी, गाजलेली कादंबरी आली. हाताळून हाताळून पार खिळखिळी झालेली. बाइंडरनं तिचे बारा फर्मे सुटे केले आणि तिसऱ्या फर्म्याला बायकोचा खळ ढवळणारा हातच थांबला.

"एवढं काय आहे त्यात?"

"एक बाई आहे. लग्न झालेली. नवरा वाईट नाही हो, पण तिला काय हवंय, हे कुणी विचारतच नाही."

"मग?"

"मग काय! अकराव्या फर्म्यात निघाली घर सोडून. बारावा द्या."

बाइंडरनं बारावा फर्मा हाताखाली दाबून धरला. चार दिवस कुठंतरी जाऊन येते, असं बायको गेली कित्येक वर्षं म्हणत होती आणि दर वेळी तो एकच विचारायचा, "खळ कोण करणार?" खळ हे निमित्त. खरं तर रिकाम्या घराची त्याला भीती वाटायची. पण हे बोलून दाखवेल तर तो नवरा कसला!

"बारावा मुळातच गहाळ आहे," असं ठोकून देऊन त्यानं तो फर्मा पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या फळीखाली सरकवला. केवढा संसार वाचवला! त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

बायकोचं लक्ष नसताना फर्मा गुपचूप चिकटवून टाकायचा, असा बेत होता. पण पुस्तक बांधून ठेवून तो दुसऱ्या कामाचा पुठ्ठा आणायला बाहेर पडला आणि तेवढ्यात ग्रंथपालबाई पुस्तक घेऊनही गेल्या! शेवटचा फर्मा गहाळ आहे, हे बायकोनं सांगितलं तरी थांबल्या नाहीत. वाचकमंडळातल्या सहा बायका त्यासाठी ताटकळल्या होत्या म्हणे.

महिनाभर वाचनालयात दुसरा विषय नव्हता.

"काय शेवट आहे! बाई दार उघडते आणि चालू लागते. पुढं एक अक्षर नाही!"

"म्हणजे पुढचं आपण करायचं!"

आणि एके सकाळी बायको बॅग भरून तयार!

"वाचकमंडळाबरोबर डोंगरावर चाललेय. आठजणी. चार दिवस."

"आणि खळ?"

"पातेलं ओट्यावर आहे."

ती गेली. घरात घड्याळाची टिकटिक तेवढी उरली. बाइंडरनं फळीखालचा फर्मा ओढून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा, उभ्याउभ्या, वाचला. तिसऱ्याच पानावर बाई घरी परत! बाइंडरनं कपाळावर हात मारून घेतला आणि पायांत चपला न घालताच बसस्टँड गाठला.

"अगं, थांब! ती परत येते! हे बघ, छापलंय!"

बसमधल्या आठही जणींनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली.

"हा मुळातच गहाळ होता ना?" ग्रंथपालबाईंनी गोड आवाजात विचारलं.

बाइंडर चपला नसलेल्या पायांकडे बघत राहिला. बायकोनं खिडकीतून फर्मा घेतला आणि शांतपणे वाचला.

"का आली म्हणे परत?" मागून कुणीतरी विचारलं.

"शाल विसरली होती. थंडीनं कुडकुडली आणि आली."

आठ बॅगांच्या चेनी उघडल्या. आठही शाली जागच्या जागी होत्या.

"चला हो, ड्रायव्हर!"

बस हलली. बाइंडरचा चेहरा बघून बायकोला राहवलं नाही. ती खिडकीतून ओरडली, "चार दिवसांनी येतेच आहे! घाबरू नका!"

बाइंडरचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला आणखी काहीतरी आठवलं.

"आणि खळीत मोरचूद घालायला विसरू नका! मी दर वेळी घालते. नाहीतर पुस्तकांना कसर लागेल!"

बाइंडर अनवाणीच बसमागे पळाला.

"अगं, पण किती?"