रामटेके एकटा उडत नाही

रामटेके भाजी आणायला निघाला की आधी स्कूटरभोवती एक चक्कर मारतो. टायर दाबतो, ब्रेक ओढतो, आरसा हलवून बघतो आणि दर वेळी मोठ्यानं म्हणतो, "ओके." मग वीज केंद्राच्या चिमणीकडे मान वर करून धूर कुठं वाहतोय ते बघतो. धूर आडवा पडलेला असला की बेत रद्द. त्या दिवशी वांगी मी आणायची.

हा रोग त्याला निवृत्तीनंतर जडला. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या या वीज केंद्रात आम्ही दोघं कंट्रोल रूममध्ये होतो. त्याची पाळी संपली की माझी सुरू. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलून घेतात. रामटेके मायक्रोलाइट उडवायला शिकू लागला. मायक्रोलाइट म्हणजे दोन माणसांचं उघडं विमान. मोटारसायकलला पंख लावावेत तसं. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा.

पहिली शाळा कर्नाटकात झाली. मग दक्षिण आफ्रिका, मग न्यूझीलंड. सगळीकडून फोन एकच, "उडणं तं बिलकुल सोप्पं हाय भाऊ. आपल्या बॉयलरपेक्षा सोप्पं." आणि सगळीकडून तो परवान्याशिवाय परत आला. कारण परवान्याआधी एकट्यानं उडून दाखवावं लागतं. शिकवणारा खाली उतरायचा, अंगठा दाखवून 'जा' म्हणायचा. रामटेके शांतपणे इंजिन बंद करून त्याच्या मागोमाग उतरायचा.

"काऊन उतरला?" मी विचारलं.

"मशीनवर एकट्यानं राहाचं नाई. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जोडीदार खुर्ची सोडते काय आपल्या इथी?"

आमच्या कंट्रोल रूमचा कायदा तसाच होता, हे खरं. पण न्यूझीलंडच्या गोऱ्याला त्यानं तो हिंदीत समजावला. गोऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि त्याला परतीच्या विमानात बसवून दिलं.

कॉलनीत टिंगल झाली. मी म्हटलं, जगभर शिकून नापास होणारा तू एकटाच. तो हसला आणि माझ्या व्हरांड्यात येऊन बसला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "वर हेडफोन असते. मागचा माणूस सारखा कानात बोलते. हे कर, तिकडं पाह्य, आता वळव. सुमन गेल्यापासून घरी कोणीच बोलत नाई बाप्पा. लायसन भेटलं का मागची सीट रिकामी."

मला फार वाईट वाटलं. सुमनवहिनी गेल्यावर आम्ही सगळ्यांनी त्याला जेवणाचे डबे पोचवले होते, पण बसून बोलायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या शाळेत मी येतो."

पुढची शाळा थायलंडला. मैदानाच्या चारी बाजूंना धानाच्या बांध्या, पाणी भरलेली भातखाचरं. "हे तं आपल्या चंद्रपूरकडचं सिंदेवाहीच हाय," रामटेके म्हणाला. "फक्त पाट्या वाचता येत नाई."

एकट्यानं उडायचा दिवस आला. शिकवणारा उतरला, अंगठा दाखवला. रामटेकेचा हात सवयीनं इंजिनच्या बटनाकडे गेला. मी धावपट्टीच्या कडेला वायरलेस घेऊन उभा होतो. शिकवणाऱ्याशी आधीच ठरलं होतं; कामाच्या सूचना त्याच्या, बाकीची बडबड माझी.

"रामटेके," मी म्हटलं, "मी इथीच हाय. तू निघ."

त्यानं हात मागे घेतला. मग विमान धावलं आणि उचललं गेलं.

मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. जावयाची नवी गाडी, शेजाऱ्यांचं भुंकणारं कुत्रं, चंद्रपूरचं ऊन, आमच्या हिच्या भाजीत हल्ली कमी पडणारं तिखट. वरून नुसतं "हो, हो" येत होतं. विमान डोक्यावरून वळलं तेव्हा मागची रिकामी सीट दिसली. मी बोलायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिलो.

"थांबला काऊन बे?" वायरलेसमधून रामटेके म्हणाला. "बोल ना. मी आणखी एक फेरी मारतो."