बाईंच्या सोबतीला ल्यों

‘ल्यों हे फ्रान्समधील एक मोठे शहर असून ते दोन नद्यांच्या काठी वसलेले आहे.’ हे वाक्य माझं नाही, कालिंदीबाईंचं आहे. खाली सही माझी असल्यामुळे ते कार्यालयीन दृष्टीने माझंच धरलं जातं, ही गोष्ट वेगळी. मी यज्ञेश्वर, जिल्हा परदेश अभ्यासदौरा समन्वय कार्यालय, कोल्हापूर, इथे हेडक्लार्क आहे. १९७८ साली आमचं मंडळ पूरनियंत्रणाच्या अभ्यासासाठी ल्योंला जाऊन आलं. त्यावरून गावात काहीबाही बोललं जातं, म्हणून हा खुलासा. येताना माझ्या ट्रंकेत काय होतं, हे तर जो तो विचारतो. तेही सांगणार आहे, पण क्रमाने. क्रम सोडून बोलणाऱ्या माणसाची फाईल कधीच पुढे सरकत नाही.

तर मूळ विषय पूर. शिरोळ भागात कृष्णा दर दोन-तीन वर्षांनी घरात शिरते आणि तिच्या पाठोपाठ आमची पाहणी समिती शिरते. त्यात सभासदांचे पाय भिजतात. एकदा तर अध्यक्ष हंबीररावांची कोरी करकरीत कापशी चप्पल वाहून गेली. तेव्हा पुराचा अभ्यास कोरड्या जागी करावा, असा ठराव एकमताने झाला.

अशी जागा कालिंदीबाईंनी मिळवून दिली. बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. आपल्याकडे भूगोल शिकवणारा माणूस सहसा कुठे गेलेला नसतो. बाईंची धाव पन्हाळ्यापर्यंत, तीही शाळेच्या सहलीबरोबर. पण त्यांनी पुस्तकांवरून फ्रेंच शिकून घेतली होती आणि ल्योंच्या एका मास्तरीणबाईशी, मादाम ब्लांशशी, अकरा वर्षं पत्रव्यवहार ठेवला होता. मादामचा भाऊ तिथल्या नद्यांच्या खात्यात होता. त्या ओळखीतून सात जणांचं आमंत्रण आलं.

हंबीररावांनी बाईंना कार्यालयात बोलावून चहा पाजला.

“बाई, ह्ये आमंत्रण तुमच्यामुळं आलंय. तुमची शीट पक्की, पयली. आता त्या गावाचं एक बुक लिवा. आमी पावणं म्हणून जाणार, कुठं काय हाय ते कळाय नगो?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अकरा वर्षं त्या गावाच्या गल्ल्या पत्रांतून ओळखते आहे, साहेब. एकदा डोळ्यांनी बघायला मिळाल्या, तर मला दुसरं काही नको.”

हे वाक्य मी टिपून ठेवलं. दुसरं काही नको, असं अर्जदाराने स्वतःच म्हटलं की पुढचं काम सोपं होतं.

बाईंनी तीन आठवड्यांत ‘ल्यों : पाहुण्यांसाठी परिचय’ लिहून दिला. मी तो तपासायला घेतला. त्यात ऱ्होन आणि सोन या दोन नद्या होत्या, टेकडीवरचं देऊळ होतं, घरांच्या पोटातून जाणारे झाकलेले बोळ होते. रेशीम विणणारे त्या बोळांतून कापड नेत, म्हणजे ते पावसात भिजत नसे. ते पान मला आवडलं आणि म्हणून मी ते लांबलं असा शेरा मारून निम्मं केलं. पुढे खाण्यावर प्रकरण होतं. ल्योंची माणसं वजडी, म्हणजे जनावराची आतडी, आवडीने खातात आणि आपल्या रक्तीसारखाच रक्ताचा एक पदार्थ त्यांच्यात फार मानाचा आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. हे मित्रराष्ट्राची बदनामी करणारं असल्याने मी काढून टाकलं. त्या जागी ‘येथील आहार सात्त्विक आहे’ असं घातलं.

हंबीरराव मला पंत म्हणतात. त्यांचा आक्षेप निराळाच होता.

“पंत, तितं आपलं कोण हाय?”

“आपलं म्हणजे, साहेब?”

“आवो, गावात गेल्यावर उतरायचं कुणाकडं? पावण्याचं घर न्हाय, त्ये कसलं गाव? पेठ वडगावला बी आमची चार घरं हाईत.”

म्हणून मग पृष्ठ तीनवर ‘आपले पाहुणे’ असं सदर काढून त्याखाली मादाम ब्लांश यांचं नाव घातलं. नाते या रकान्यात ‘बाईंची मैत्रीण’ असं लिहिलं होतं, ते हंबीररावांनी खोडून ‘घरचेच’ केलं.

शेवटच्या पानावर मात्र पंचाईत होती. बाईंनी लिहिलं होतं : ‘संगमानंतरही दोन्ही नद्यांचं पाणी बराच वेळ निरनिराळ्या रंगांचं दिसतं, असं मादाम कळवतात. कोणती नदी कोणत्या रंगाची, हे मी त्यांना मुद्दाम विचारलेलं नाही. ते पाहून आल्यावर इथे लिहीन.’ आणि खाली दोन ओळींची जागा कोरी. आता कार्यालयाच्या कागदावर कोरी जागा ठेवता येते का? उद्या कोणी तिथे काहीही लिहील, एखादे वेळी खरंसुद्धा लिहील. मी तिथे कार्यालयाचा गोल शिक्का मारला. शिक्क्याची शाई जांभळी असते.

एवढं झाल्यावर दौऱ्याची यादी करायला बसलो. हंबीरराव, दोन सभासद, पूरनियंत्रणाचे इंजिनिअर, कालिंदीबाई आणि आणखी दोन सभासद. झाले सात. यादी वाचून हंबीरराव गंभीर झाले.

“पंत, सा बापयांत एकली बाईमाणूस? लोक काय म्हंतील?”

मुद्दा बिनतोड होता. बाई एकट्या बाजारात गेलेल्या चालतात, एकट्या वर्ग सांभाळतात, पण परदेशी जायचं तर सोबत पाहिजे. ‘श्रीमती कालिंदीबाई यांच्या सोबतीकरिता’ अध्यक्षांच्या पत्नी आक्कासाहेब यांचं नाव घालण्यात आलं. सात आकडा राखायचा म्हणून इंजिनिअर गळले. पुराचा अभ्यास त्यांना घरी बसून करता येण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी आक्कासाहेबांचा निरोप आला : “बाई तिकडं फ्रेंच बोलाय भाईर गेल्यावर मी एकलीनं काय भित्ताडाकडं बगत बसू व्हय?” हाही प्रश्न रास्त होता. त्यांच्या सोबतीला त्यांची जाऊ तानाबाई आली आणि एक सभासद गेला. दोन बायकांचं सामान उचलायला घरचा पुरुष हवा, म्हणून आक्कासाहेबांचे भाऊ बाळासो आले आणि आणखी एक सभासद गेला. या दोघा सभासदांची समजूत घालायला पुढच्या वर्षी जपानचा दौरा मंजूर करावा लागला. तिथे भूकंप असतात. आपल्याकडेही कधी होतील, सांगता येत नाही.

आता सात जण जुळले होते आणि माझ्या लक्षात आलं की फाईल राहिली. दौऱ्याची मूळ फाईल मंडळाबरोबर असावी, असा नियम आहे. आणि फाईल काही आपल्या पायांनी चालत जात नाही.

“म्हंजी?” हंबीररावांनी विचारलं.

“म्हणजे फाईलला सोबत पाहिजे, साहेब.”

“मग तुमीच चला की! पण आट झालं. कुणाला कापायचं?”

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. माणसाने अशा वेळी नाव घेऊ नये, टिपणी लिहावी. मी लिहिलं : ‘श्रीमती कालिंदीबाई यांच्या सोबतीची व्यवस्था सर्व बाजूंनी पूर्ण झालेली आहे. सबब त्या स्वतः न आल्यास व्यवस्थेत कोणतीही उणीव राहत नाही. शहराची माहिती त्यांनी पुस्तिकेत दिलेलीच असल्याने त्या पुस्तिकारूपाने मंडळासोबत आहेतच.’ हंबीररावांनी टिपणी दोनदा वाचली आणि सही केली.

बाईंना सांगायला मीच गेलो. त्या वह्या तपासत होत्या. पासपोर्ट टेबलावरच होता, त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, मुलींच्या भूगोलाच्या पुस्तकाला घालतात तसं.

“पण यज्ञेश्वरराव, सगळी मंडळी माझ्याच सोबतीला निघाली होती ना?”

“त्यात बदल नाही, बाई. यादीत अजूनही तसंच आहे.”

त्यांनी हातातली वही तपासून पुरी केली. मग म्हणाल्या, “संगम तेवढा बघून या. रंग मला येऊन सांगा.”

मी हो म्हटलं. हो म्हणायला काही मंजुरी लागत नाही.

ल्योंच्या स्टेशनावर मादाम ब्लांश पांढऱ्या पुठ्ठ्यावर ‘कालिंदी’ असं देवनागरीत लिहून उभी होती. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं होतं, पण चूक एकही नव्हती. आम्ही सात जण तिच्यापुढे जाऊन उभे राहिलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी खुलासा केला की कालिंदी आलेली नाही, आम्ही तिची सोबत आहोत. मादामला ते समजेना. फलाट रिकामा होईपर्यंत ती आमच्या पाठीमागे बघत राहिली. मला तिचा रागच आला. सात माणसं समोर उभी असताना बाई एकीलाच शोधते, ही कुठली रीत?

निघताना तिने पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. आत दोन रेशमी रुमाल होते. तिने बोटाने दाखवलं : हा सोन, हा ऱ्होन. दोन्ही नद्यांच्या पाण्याशी रंग जुळवून घेऊन तिने ते तिथल्या रंगाऱ्याकडून करून घेतले होते. “फॉर कालिंदी,” ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

ल्योंमध्ये आम्ही चार दिवस होतो. आक्कासाहेबांना सर्दी झाली, त्यांच्या सोबतीला तानाबाई खोलीत राहिली, दोघींच्या सोबतीला बाळासो. एक दिवस मादामचा भाऊ संगमाकडे न्यायला गाडी घेऊन आला. हंबीररावांनी त्याला चहा देऊन परत पाठवलं. “दोन नद्यांचं काय कवतिक? आमच्या पंचगंगेत पाच हाईत. त्यास्नीच म्हणावं, कोल्हापूरला या आन् शिका.” उरलेला वेळ खरेदीला गेला, कारण रिकाम्या हाताने परत आलं तर गावाला काय तोंड दाखवायचं?

परत आल्यावर सत्कार झाला. हॉल भरला होता. हार झाले, पेढे झाले. जो येई तो “काय आणलंसा?” एवढंच विचारी. एकट्या कालिंदीबाई पुढे येऊन म्हणाल्या, “संगम पाहिलात ना? पाणी कसल्या रंगाचं होतं?”

व्यासपीठावरच्या कुणीच संगम पाहिलेला नव्हता. बाळासोंनी खिशातून पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं आणि गोल शिक्क्यावर बोट ठेवून खणखणीत आवाजात सांगितलं :

“जांभळं, बाई! ह्ये काय, तुमच्याच बुकात दिलंय की!”

टाळ्या पडल्या. बाईंनी मान हलवली. पहिल्या रांगेत आक्कासाहेब आणि माझी पत्नी पद्मजा शेजारी शेजारी बसल्या होत्या. भेटवस्तू मंडळाच्या दौऱ्यात मिळाली, सबब ती मंडळाची, असा निर्णय हंबीररावांनी विमानातच दिला होता. एक रुमाल आक्कासाहेबांच्या खांद्यावर होता, एक पद्मजाच्या गळ्यात. जाता जाता बाई थांबल्या. पद्मजाची गाठ सुटत होती, ती त्यांनी नीट बांधून दिली आणि रेशमावरून बोट फिरवलं.

“सुंदर आहे हो. कसला रंग म्हणायचा हा?”

“कोण जाणे बाई,” पद्मजा म्हणाली, “परदेशी दिसतोय.”

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला गेलो, पण तेवढ्यात फोटोवाल्याने हलू नका म्हटलं.

तर ट्रंकेत हे दोन रुमाल होते. तुम्ही पहिल्यापासून त्याचीच वाट बघत होता, नदीचा रंग तुम्हीही विचारला नाहीत. असो. बाईंचं घर शाळेमागेच आहे, चार पावलांवर. जाऊन सांगणार आहात? नाही ना? मला वाटलंच. खरं सांगायचं तर इतकी वर्षं हे एकट्याने मनात ठेवायला मला जरा जड जात होतं. आता तुमची सोबत झाली.