ढोबळ्यांचा कूलर

हिंगणघाटच्या उन्हाळ्यात आमचे शेजारी वासुदेवराव ढोबळे कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करून ठेवायचे. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय, पाहुणा घामाने निथळतोय, आणि खसचा गार वारा मात्र एका पत्र्याच्या डब्यावर! कुणी कुरकुरलं की उत्तर ठरलेलं.

"आपल्याले घाम पुसता येते. त्याले येते का?"

ढोबळे कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला. लग्न केलं नाही, घरी एकटेच. नागपूरहून जुने सुटे भाग आणून त्यांनी हा डबा जोडला आणि त्याला सर्व्हर म्हणू लागले. कंपाउंडच्या भिंतींवरून वायरी टाकून गल्लीतली पाच घरं त्याला जोडली. कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाची भजनं, सगळं त्यात. "बंद करायचा नाई," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य.

खरं सांगतो, मी जळायचो. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो मी, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं माझ्या भिंतीवर, आणि गल्ली मात्र "ढोबळेभाऊ, ढोबळेभाऊ" करत त्यांच्या दारात. माझ्या बायकोने आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा त्यांच्याकडेच ठेवायला दिले. मला विचारलंही नाही.

त्याच डब्यावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी राज्य उभारायचा एक गेम खेळायचो. एक चाल त्यांची, एक माझी. जिंकायचे अर्थातच ते. एकदा माझा शेवटचा एक किल्ला उरला होता आणि चाल माझी होती. "चहा पिऊन येतो," म्हणून मी उठलो, तो परत गेलोच नाही. त्यांची वायर माझ्या भिंतीवरून काढून टाकली. कर्ज काढून मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर घेतला आणि तोच गेम घरी एकट्याने, सगळ्यात सोप्या पातळीवर, रोज जिंकू लागलो. मजा येत नव्हती, पण जिंकत होतो.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस लाइट नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ढोबळ्यांचा डबा बंद पडलेला या डोळ्यांनी बघावा म्हणून भर दुपारी त्यांच्याकडे गेलो.

डबा चालूच होता. कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली होती. तिच्यावरच एक छोटा टेबलफॅन, तोंड डब्याकडे. बाजूला ढोबळे बनियनवर, पेपरने वारा घेत बसलेले. आणि स्क्रीनवर माझा किल्ला! चाल माझी.

"हे अजून काऊन चालू ठेवलं?" मी विचारलं.

"तुमी चहा पिऊन येतो म्हनलं होतं ना, सर."

"अहो, सेव्ह करून बंद करायचं!"

"सेव्ह त हाये. दोन जागी." ते स्क्रीनकडेच बघत होते. "पन तुमी कधी आले असते, अन् बंद दिसलं असतं, त वापस गेले असते ना."

तीन वर्षांत मी या माणसाला साधं "कसे आहात" विचारलं नव्हतं. खुर्ची ओढून बसलो आणि चाल खेळलो. चुकीचीच खेळलो. त्यांनी पुढच्याच चालीत माझा किल्ला घेतला.

मग त्यांनी टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"बसजा थोडा वेळ," ते म्हणाले. "चहा ठेवतो."