काकूंचं वजन आणि गाडीचा ब्रेक

"अगं, तुझं वजन किती?" कल्लप्पांनी विचारलं आणि भुवनेश्वरीकाकूंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच थबकली.

प्रश्न तसा शास्त्रीय होता. कल्लप्पांचं आयुष्य विजेची मीटरं तपासण्यात गेलं होतं. कारणाशिवाय काही बिघडत नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा. पण कुंभारीहून घेतलेल्या जुन्या मोटारीनं ती पार डळमळीत केली. एकटे चालवत असले की गाडी गाईसारखी गरीब. शेजारी काकू बसल्या की मात्र मध्येच कचकन ब्रेक लागे. कल्लप्पांचा पाय बाजूला आणि पेडल आपोआप खाली!

त्यात रविवारी मंद्रूपला मेव्हण्याच्या मुलाचा साखरपुडा. हा मेव्हणा, ईरप्पा, भरल्या घरात म्हणाला होता, "दाजी, ह्या वयात गाडी कशाला? एष्टीनंच या की." आता एष्टीनं जाणं म्हणजे जन्मभर त्याचं ऐकून घेणं.

काकूंनी वजन न सांगता भाकरी तव्यावर टाकली. मग कल्लप्पांनी अंदाजानं ज्वारीचं पोतं शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि होटगी रस्त्यानं फिरवून आणलं. गाडीनं पोत्याला काही केलं नाही. नंतर काकूंना मागं बसवलं. तरी काही नाही.

"म्हंजे पुढं बसलीस की गाडी तुज्याशी वाकड्यात शिरतीय."

"हळू चालवा, सरळ हुईल," काकू म्हणाल्या.

गॅरेजवाल्या सिद्धारामनं बोनेट उघडलं, ब्रेक ऑइल बघितलं, पाइपातली हवा काढली, चाकंही खोलली. "काका, ब्रेक एकदम ओके हाय. काकूंची दृष्ट काढा."

दृष्टीवर कल्लप्पांचा विश्वास नव्हता. शनिवारी ते सिद्धारामला म्हणाले, "तू चालव. मी तिच्या जागेवर बसतो."

गाडी आणली त्याच दिवशी काकूंनी तिथं पायाखाली जाड सोलापुरी चादर घडी करून टाकली होती आणि त्या चपला काढूनच तिच्यावर पाय ठेवत. कल्लप्पा पहिल्यांदाच तिथं बसले. सिद्धाराम गप्पांच्या नादात वेगात निघाला. वळणावर समोर उसाची ट्रॉली आली.

"अरे, हळू!" कल्लप्पा ओरडले आणि घाबरून दोन्ही पाय गच्च रोवले. गाडी कचकन थांबली.

"मी न्हाय दाबला," सिद्धाराम म्हणाला.

कल्लप्पांनी चादर उचलली. खाली दुसरं पेडल होतं.

"काका, ही तर ड्रायव्हिंग शिकवायची गाडी! हा मास्तरचा ब्रेक हाय. सोमवारी काढून टाकू."

कल्लप्पांना आनंद मावेना. कारण सापडलं होतं! घरात पाय ठेवायच्या आधीच ते ओरडले, "अगं, गाडीत दुसरा ब्रेक हाय!"

"व्हय की. माजा," काकू लसूण सोलत म्हणाल्या.

"तुला ठावं हुतं?"

"म्हंजे काय? मीच दाबतीय की पयल्या दिवसापास्नं. मला वाटलं, दोन माणसं बसत्यात म्हणून सगळ्याच गाड्यांत दोन असत्यात."

"आणि मी पेडल आपोआप खाली जातंय म्हणून बोंबलत हुतो, तवा?"

"दाबल्यावर खाली जाणारच की. त्यात कसला बिघाड?"

"अगं, मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुमी ऑइलला विचारलंत, चाकांला विचारलंत, ज्वारीच्या पोत्याला विचारलंत. मला फकस्त वजन विचारलं."

कल्लप्पांनी गुमान लसूण सोलायला घेतला.

रविवारी मंद्रूपात ईरप्पाच्या दारात मांडव पडला होता, पाहुणे जमले होते. कल्लप्पांनी ऐटीत गाडी आत घेतली, ईरप्पाला बघून स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि जोरात हलवला. त्या भरात मांडवाचा खांब कधी समोर आला ते कळलंच नाही. गाडी खांबापासून वीतभर अंतरावर थांबली.

ईरप्पा धावत आला. "वा दाजी! काय टायमाला ब्रेक मारला! मानलं बघा तुमाला."

"सवय लागते," कल्लप्पा घाम पुसत म्हणाले आणि हळूच डावीकडे बघितलं.

काकू शांतपणे चपलेत पाय घालत होत्या.

सोमवारी कल्लप्पा गॅरेजकडे फिरकलेच नाहीत.