मिस्त्रींनी बोट सरळ केलं

"वाकडं ते सरळ करण्यात हयात गेली माझी! पलंग, कपाटं, तुझा भाऊ, सगळे सरळ केले. हे तर नुसतं बोट!" असं म्हणत मिस्त्रींनी बायकोचा पाय मांडीवर ओढला.

अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरात वाकून आकड्यासारखं झालं होतं. चालताना तिचा जीव जायचा. "डॉक्टरांना दाखवू या," असं ती कधीची म्हणत होती. पण मिस्त्रींच्या मते डॉक्टर म्हणजे हत्यारं महाग असलेले सुतार!

त्यांनी सागाची पट्टी तासून बोटाखाली धरली. पट्टी सटकली. मग काय! लाकडाचा गोंद चोपडला आणि वर शिकंजा आवळला.

"अहो, दुखतंय!"

"दुखणारच! लाकूडसुद्धा कुरकुरतं."

संध्याकाळी शिकंजा निघाला, पट्टी निघेना! तेल झालं, गरम पाणी झालं. बोट टम्म सुजलं. शेवटी मिस्त्रींनी लाकूड तासायची धारदार पटाशी उचलली, तशी बायको पट्टीसकट लंगडत थेट दवाखान्यात! मागून मिस्त्री.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली. "बोट वाकलं कशानं? घट्ट बूट घालता?"

"कामावर घालते. आमचे हेच आणून देतात. सहा नंबरचे."

बाईंनी पाऊल मोजलं. "अहो, तुमचा पाय आठचा आहे!"

मिस्त्री उसळले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्या जोडाला तुम्ही म्हणालात, चामडं सैलावतं. दुसऱ्याला म्हणालात, बाईचा पाय नाजूक हवा. मग सोडलं बोलणं."

मिस्त्रींनी सुटलेली पट्टी उचलून खिशात घातली.

"सांधा अजून हलतोय," बाई म्हणाल्या. "रुंद, मऊ बूट घाला, बोटांचे व्यायाम करा. आखडला तर मात्र ऑपरेशन."

सूज उतरल्यावर मिस्त्री तिला स्वतःहून दुकानात घेऊन गेले. आठ नंबरचा रुंद जोड घालून ती दोन पावलं चालली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. काही दुखलं नाही!

मिस्त्री मान तिरकी करून न्याहाळत होते. "बरे आहेत," ते म्हणाले. "पण फार बोजड दिसतात गं. सातचे बघू या का?"

तिनं पैसे मोजले. तेच बूट घालून निघाली, ती अशी झपाझप, की मिस्त्रींना गाठता येईना!

ते घरी पोचले तेव्हा आतून कडी होती. त्यांनी हाका मारल्या, दार ढकललं, खांदा लावला. दार जागचं हललं नाही. त्यांच्याच हातचं होतं ते. फट म्हणून कुठे नव्हती!