नानांच्या शंका

गंगाधरनाना शंका विचारायला उभे राहत नसत, भांडायला उभे राहत. बाकावर थाप मारायची, खांद्यावरचा पंचा झटकायचा आणि गरजायचं, "कावून? का म्हणून?"

वडवणीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. बारावी झालेली पोरं कॉलेज सुरू व्हायच्या आत थोडं प्रोग्रामिंग शिकायला येतात. नाना मात्र नववी नापास आणि माजी सरपंच. त्यांच्या शीतलला पुण्याला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलं होतं आणि तिनं जन्मात कीबोर्डला हात लावलेला नव्हता. नाना तिला खेड्यावरून मोटारसायकलवर आणायचे. पोरीला सोडून माणसानं टपरीवर चहा पीत बसावं, पण नाही. हे येऊन मागच्या बाकावर बसायचे. नाव एकीचं नोंदवलेलं, डोकेदुखी मात्र भलत्याचीच.

त्यातून आज शिकवलेलं नाना आज कधीच विचारत नसत. उद्या येऊन विचारत, जुनं भांडण उकरून काढावं तसं. पहिल्या दिवशी मी पडद्यावर 'नमस्कार' उमटवून दाखवला. दुसऱ्या दिवशी नाना उभे. "काल त्यानं नमस्कार घातला तो कुणाला? समोर कोण बसलंय ते इचारलं का? आमाला पटंना." मग नाव विचारणारा प्रोग्राम मला तेव्हाच शिकवावा लागला आणि माझं ठरवलेलं सगळं बोंबललं.

यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी तर रणकंदन झालं. "पयल्या माणसाला शून्य? आमच्या ग्रामसभेत पयल्या खुर्चीवरच्याला शून्य म्हणून बघा, खुर्च्या उडत्यात!" पोरं बाकं बडवून हसली. मी म्हणालो, "नाना, ही ग्रामसभा नाही." "नसंल. पण शून्य कावून, ते सांगा." त्यात अख्खा तास गेला. ओळ आत सरकवून लिहायची राहिली की कॉम्प्युटर अडून बसतो, हेही त्यांना सोसवलं नाही. "चार जागा सोडल्या न्हाईत म्हणून एवढा माज?"

एकदा मी फळ्यावर 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी नाना लालबुंद होऊन आले. "खोटं हाय ते! दोन्ही बाजू सारख्या पायजेत. हे समीकरण सुटतच न्हाई." नववी नापास माणूस मला समीकरण शिकवायला लागल्यावर माझं टाळकं सटकलं. "नाना, परीक्षा तुम्हाला द्यायची नाही. बसा खाली!"

ते बसले नाहीत. डोळे वटारून म्हणाले, "उत्तर द्या, सर. मग बसतो."

शेवटी सांगितलं, की हे समीकरण नाही, हुकूम आहे. एक्स नावाचा डबा आहे, त्यात जे असेल त्यात एक घाल आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. "हां! असं सांगा की मग," म्हणत बसले. एवढ्या गदारोळात शीतल मान वर करायची नाही, खाली बघून टाइप करत राहायची. असला बाप पदरी पडला म्हणून मला तिची दया यायची. पोरांनी तर नानांची नक्कल बसवली होती, पंच्यासकट. त्यांच्या तोंडावर करायची. नाना तिकडे बघायचेही नाहीत, त्यांचा सगळा राग माझ्यासाठी राखून ठेवलेला.

एक दिवस चौसाळ्याला सोयऱ्यांत मयत झाली आणि नाना तिकडे गेले. शीतल एकटीच जीपनं आली. मी खूश. "कालचं काही अडलं का?" विचारलं, तर कोणी हूं की चूं केलं नाही. झकास पुढचा धडा उरकला. फिरत फिरत शीतलजवळ आलो, तर तिच्या पडद्यावर कालचीच चूक लाल होऊन बसलेली आणि तिचे डोळे भरलेले.

"अगं, मग विचारलं का नाहीस?"

"नाना न्हाई आले ना आज."

"त्यांचा काय संबंध?"

ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "जे कळलं न्हाई ते मी गाडीवर नानांना सांगते. मग ते इचारतात. मी इचारलं तर पोरं हसत्याल, सर."

म्हणजे शंका तिच्या. खुर्च्या आणि माज तेवढा नानांचा. मला राग आला, आणि तोही नानांचाच. दुसऱ्या दिवशी त्यांना दारातच अडवलं. "पुण्याला मागच्या बाकावर कोण बसणार आहे? तुम्ही? तिथं हिनं तोंड उघडलं नाही, तर महिन्यात घरी परत येईल पोरगी!"

नाना पहिल्यांदाच गरजले नाहीत. "मला हसले तर हसू द्या की. माझं काय जातंय? तिला पयल्याच दिवशी हसले असते, तर पुन्हा गाडीवर बसली नसती ती."

"आता बसते ना? मग आता तुम्ही बाहेर थांबा."

 नाना पंचा झटकून गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

वर्गात "काही शंका?" म्हणालो आणि थांबलो. थांबलोच. बऱ्याच वेळानं शीतल उठली. आवाज जेमतेम. कोणीतरी फिसकन हसलं. मी डस्टर असा आपटला, की पहिलं बाक खडूच्या धुळीनं पांढरं झालं. "हसणाऱ्यानं पुढं यायचं आणि उत्तर द्यायचं!" कोणी आलं नाही. येणार कुठून? त्या लेकाच्यांनाही ते कळलेलं नव्हतं. इतके दिवस तेही नानांच्याच जिवावर शिकत होते. शीतलनं शंका पुरी केली आणि वर आणखी एक विचारली.

नंतर नाना रोज बाहेरच थांबायचे. एका संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "नाना, पोरगी धडाधड विचारायला लागली. आता पुण्याची काळजी सोडा."

"लई चांगलं झालं," ते खेकसले. मग म्हणाले, "काल वाटंनं एक शब्द बोलली न्हाई. मीच म्हणलं, आज काय अडलं गं? तर म्हणती, सगळं इचारून झालं, नाना."

शीतल दारातून येताना दिसली, तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली नाही. मग भर रस्त्यात नानांनी त्या गाडीला ज्या शिव्या घातल्या, तशा माझ्या कॉम्प्युटरलाही कधी घातल्या नव्हत्या.