निकमकाकांचं टेस्टिंग

निकमकाका अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना डावा हात कायम पँटच्या खिशात ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, फिरायला निघालाय आणि वाटेत सहज माझं यंत्र उघडून बघतोय.

"काका, हाताला काही लागलंय का?"

"लागू नये म्हणून खिशात आहे. आत चारशे व्होल्ट आहेत, गिटारवाले. दोन्ही हात घातले की करंट एका हातातून शिरतो नि दुसऱ्यातून निघतो. मधे आपलं काळीज येतं."

मी चटकन दोन्ही हात खिशात घातले. मी तर यंत्रापासून चार फुटांवर उभा होतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. नाशिक रोडला माझी सरकारी नोकरी होती आणि सुट्टीच्या दिवशी मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. वाजवत असे म्हणण्यापेक्षा गळ्यात घालत असे. वाजत नाही ते यंत्रामुळे, असं ठरवून मी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुना, काचेच्या व्हॉल्ववाला अ‍ॅम्प्लिफायर घेतला. माझ्या वयापेक्षा मोठा आणि दोन माणसांनी उचलावा इतका जड. पहिल्याच लग्नात तो असा घुमायला लागला की भटजी मंत्र म्हणायचे थांबून वर बघायला लागले. ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, "तुझ्यापेक्षा तुझा डबा सुरात आहे. गणपतीआधी नीट कर, नाहीतर तुझ्या हातात खंजिरी देतो."

व्हॉल्वचं काम करणारा माणूस नाशकात एकच उरला होता. पंचवटीत, भाजीबाजारामागच्या गल्लीत, निकमकाकांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर शेवंताबाई फुलं आणि अत्तराचे फाये विकायला बसत. दुकानापेक्षा ओट्यावर गिऱ्हाईक जास्त असे.

काकांनी अ‍ॅम्प सुरू केला, डोळे मिटले आणि त्या घुमण्यात आपला आवाज मिसळून स्वतःच "हूंऽऽ" करायला लागले. मला वाटलं, समाधी लागली.

"शंभरचं हमिंग आहे," डोळे उघडून ते म्हणाले. "पन्नासचं याच्या खाली असतं. शंभरचं म्हणजे फिल्टर गेला."

मी समजल्यासारखी मान हलवली. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही.

फिल्टर बदलल्यावर घुमणं कमी झालं, पण तळाशी काहीतरी कुरकुरत राहिलं. "आत एक फितूर आहे," काका म्हणाले. बिघडलेल्या व्हॉल्वला ते फितूरच म्हणत. फडक्यात धरून त्यांनी पहिला तापलेला व्हॉल्व उपसला. कुरकुर तशीच. दुसरा उपसला, तशीच. तिसरा उपसला आणि दुकानात इतकी शांतता झाली की ओट्यावरचा शेवंताबाईंचा भाव ऐकू आला.

काकांनी तो व्हॉल्व परत बसवून पेन्सिलीने टिचकी मारली. स्पीकरमधून ठण्ण आवाज आला. "बोलला बघा. चांगला व्हॉल्व टिचकीला उत्तर देत नाही." मग बिस्किटांच्या डब्यातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व काढून त्यांनी तिथे बसवला.

"झालं?"

"छे! आता टेस्टिंग. रोज तासभर वाजवलं पाहिजे. ऑफिस सुटलं की या."

मी रोज जाऊ लागलो. काका आधी चहा करत. अर्धा तास गप्पा होत: ऑफिसात कोण काय म्हणालं, बायकोने डब्याला काय दिलं, सगळं ते खोदून खोदून विचारत. मग मी वाजवायला बसे आणि ते माझ्याकडे पाठ करून अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला बसत, लालसर उजळलेल्या व्हॉल्वांकडे बघत. तासभर हलत नसत. आयुष्यात पहिल्यांदा मला श्रोता मिळाला होता. मी घरी सांगितलंसुद्धा, "जाणकार माणूस आहे. डोलत नाही, पण उठतही नाही."

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी काका दूध आणायला गेले होते, म्हणून मी ओट्यावर टेकलो.

"तुमची पेटी घरी न्या की आता," शेवंताबाई गजरा ओवता ओवता म्हणाल्या.

"टेस्टिंग चालू आहे, मावशी."

"कशाचं टेस्टिंग? ती तर पहिल्याच दिशी बरी झाली व्हती. मला म्हनले, न्हेली तर हा पोरगा परत कशाला यील? काकू गेल्यापासून चुलीवर एकच कप चढायचा हो. आता दोन चढत्यात."

तरीही मनातला कलावंत गप्प बसेना. "पण त्यांना माझं वाजवणं आवडतं ना?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कानात कापूस घालून बसत्यात ते. माझ्याकडूनच न्हेत्यात, अत्तराच्या फायाचा कापूस. मलाबी घाला म्हनले व्हते."

काका दूध घेऊन आले, चहा झाला, कप विसळून झाले. मी गिटार खोळीतून काढली नाही.

"आज टेस्टिंग?" पाठ वळवून हात कानांशी नेत ते म्हणाले.

"आज नको, काका. आज नुसता बसतो."

ते थबकले. ओट्याकडे पाहिलं, तर शेवंताबाई लगबगीने फुलांवर पाणी शिंपडत होत्या. मग काकांनी माझ्याकडे न बघताच उजव्या कानातून कापसाचा बोळा काढला, डाव्या कानातून काढला आणि दोन्ही नीट टेबलाच्या कडेला ठेवले. दुकानात हिन्याचा वास पसरला.

"न्या आज घरी तो अ‍ॅम्प," ते हळूच म्हणाले. "ठणठणीत आहे."

"आणि उद्या मी येऊ नको?"

काकांनी स्क्रू ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

"या की," ते म्हणाले. "साडेपाचला दूध आणून ठेवतो. फक्त, गिटार आणू नका."